तीन हजारी

"बुडबुडा आहे."

"नाहीये."

"आहे, अक्का. उजेडाकडं धर. तळाशी बघ."

बोटभर लांबीचा तो शॉक ॲब्सॉर्बर मी खिडकीकडं धरला. पिवळसर तेलात, अगदी तळाला, मोहरीएवढा बुडबुडा चिकटून बसला होता. भरतेशचं खरं होतं. त्यानं शिकवल्याप्रमाणं मी आतली दांडी सावकाश खाली-वर केली. बुडबुडा सुटला, वर आला आणि तिथंच तरंगत राहिला.

"आता?"

"आता थांबायचं."

"किती वेळ?"

"तो फुटेपर्यंत."

मी थांबले. रविवारची सकाळ होती. न्हाणीत बादलीभर कपडे भिजत पडले होते, गॅसवर आमटी उकळून उकळून आटत चालली होती, उजवा खांदा ठणकत होता, आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून एका खेळण्यातल्या ट्रकच्या तेलातला बुडबुडा फुटायची वाट बघत होते. खेळणं म्हटलेलं भरतेशला खपायचं नाही. शर्यतीच्या खऱ्या ट्रकच्या दहाव्या हिश्शाचा, रिमोटवर पळणारा तो ट्रक त्याच्या लेखी यंत्र होतं. माझ्या लेखी ती आणखी एक उस्तवार होती.

भरतेश माझा पाठचा भाऊ. आम्ही मगदूम, मूळचे समडोळीचे. मी सांगलीत विश्रामबागेत राहायचे, तो मिरजेच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होता. सुट्टी मिळाली की ट्रकची पेटी घेऊन हा निघाला. कोल्हापूर, पुणे, बेळगाव, जिथं शर्यत असेल तिथं. त्या लोकांत त्याचं नाव होतं. बायको मात्र कंटाळून कधीच निघून गेली. जाताना मला म्हणाली होती, "वन्सं, सवत असती तर तिच्याशी भांडले तरी असते. ट्रकशी काय भांडू?"

मग ऐन चाळिशीत, एका सकाळी दात घासताना तो न्हाणीत कोसळला. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत टाकण्यापुरता राहिला, जीभ जड झाली. शब्द एकेक करून, धाप लागल्यासारखे बाहेर यायचे. दवाखान्यातून त्याला कुठं न्यायचं यावर चर्चा झालीच नाही. आई-वडील नव्हते, मी लग्न केलेलं नव्हतं आणि माझ्याकडं दोन खोल्या होत्या.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. उजाडायच्या आत स्कूटर काढायची, उपाशीपोटी ताटकळत बसलेल्या लोकांच्या घरी जाऊन रक्त काढून आणायचं, नमुने लॅबला पोचवायचे. मग घरी येऊन भरतेशचं सगळं. अंघोळ, मालिश, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम. व्यायामाच्या वेळी तो भिंतीकडं तोंड करून पडायचा आणि मी त्याचा जड हात एखाद्या ओल्या गादीसारखा उचलत-ठेवत राहायचे. दुपारी पुन्हा लॅब. संध्याकाळी पुन्हा तेच. लोक म्हणायचे, भावासाठी किती करता! मी हसून वेळ मारून न्यायचे. थकवा आला असं म्हणायलाही थोडी ताकद लागते. सिग्नलला स्कूटर थांबली की माझे डोळे मिटायचे आणि मागचे लोक हॉर्न वाजवून मला उठवायचे.

अशात नौशाद आला. नौशाद मुजावर हा भरतेशचा शर्यतीतला जोडीदार. मिरजेत त्याचं बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान होतं. मालगाव रस्त्याला एका माळावर क्लबनं नवा ट्रॅक केलाय, थंडीत मोठी शर्यत आहे, असं सांगत होता. मी चहा घेऊन आले तर भरतेश बऱ्याच महिन्यांनी ताठ बसलेला.

"तू पळवायचं," तो नौशादला म्हणाला. "ट्रक मी जोडणार."

"कुठल्या हातानं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

भरतेशनं माझ्याकडं बघितलं. "तुझ्या."

असा तो ट्रक माझ्या टेबलावर आला. चासी, चाकं, धुरे, डबीत न मावणारे बारीक बारीक स्क्रू. भरतेश शेजारच्या खुर्चीत बसून सांगायचा, मी करायचे. माझा हात स्थिर होता, ती माझी रोजीरोटीच होती. शॉकमध्ये तेल भरायला मी लॅबमधली नवी सिरिंज आणली, तेव्हा तो खूश होऊन म्हणाला, "हे मला कधी सुचलं नाही." पण असे क्षण थोडे. बाकी सगळा वेळ, "जास्त पिळलास. प्लास्टिक आहे ते. सैल कर. एवढं नाही. अक्का, लक्ष कुठं आहे तुझं?"

लक्ष कुठं असणार? आमटीत, कपड्यांत, उद्याच्या नमुन्यांत.

त्या रविवारी बुडबुडा शेवटी फुटला, मी झाकण बसवलं, आणि तेवढ्यात नौशाद दोन खोकी घेऊन आला. पुण्याहून मागवलेल्या मोटरी. एक लाल, एक काळी. दोन्ही मुठीत मावतील एवढ्या, दिसायला बहिणी-बहिणी.

"पाच हजारी," नौशाद लाल मोटर हातात खेळवत म्हणाला, "आणि ही तीन हजारी. पण ती आपली उगाच आणली, कुणाला पाहिजे असली तर."

"हजारी म्हणजे काय?" मी विचारलं.

"एका व्होल्टला किती फेरे," भरतेश म्हणाला. "जितके जास्त, तितका पळ."

"म्हणजे लाल."

"काळी बसवायची."

नौशाद आधी हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की ही चेष्टा नाही. "भरतभाई, काय बोलायलाय? ट्रॅकला केवढा मोठा सरळ पट्टा आहे. तिथं सगळे सूं करून पुढं जातील. आपण काय मागं बसून धूळ खायची?"

"खाऊ."

"अहो, तुम्हीच आजवर सांगत आलाय, मोटरीत कंजुषी करायची नाही."

"लाल तापते. उसळते. बोट जरा जास्त पडलं की ट्रक भिंतीत." भरतेशला एवढं बोलायला बराच वेळ लागला. "काळी सांगेल तेवढंच करते."

"माझं बोट जास्त पडत नाही!"

"काळी," भरतेश म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बोलणं संपलं की तो हल्ली असंच करायचा.

नौशादला पोचवायला मी फाटकापर्यंत गेले. त्यानं मोटरसायकल चालू केली आणि परत बंद केली.

"अक्का, एक सांगू? भरतभाईची हिंमत गेलीय. आजारानं माणूस भितो. असू दे. तुम्ही गुपचूप लाल बसवा. वरून कव्हर घातल्यावर कुणाला दिसणार आहे? पळवणार तर मीच."

"आणि आवाज?"

भरतेश शेजारच्या मिक्सरच्या आवाजावरून त्याचा कार्बन झिजलाय हे सांगायचा. त्याला मोटरीचा आवाज कळणार नाही?

"मी ट्रकला हात लावते नौशाद, त्याच्या शब्दाला नाही," मी म्हटलं. "तुला पटत नसेल तर तू सांग त्याला."

"मी सांगून बघितलं की," तो खिन्नपणे म्हणाला आणि गेला.

घरात आले तर आमटी करपली होती. मी पातेलं उतरवलं, तशीच टेबलाशी आले. मनात नव्हतं, तरी म्हणाले, "भरत्या, त्याचं ऐक ना. त्याला जिंकायचंय. एवढं सगळं जोडायचं ते हरायला होय?"

"तुला कळत नाही त्यातलं."

"नाही कळत. मग मला कशाला बसवतोस इथं?"

"दुसरं कोण आहे?"

तो हे सहज बोलला, दुष्टपणानं नव्हे. पण त्या शब्दांनी माझ्या आत काहीतरी तुटलं. हातातला स्क्रूड्रायव्हर मी टेबलावर आपटला. स्क्रूची वाटी उडाली आणि सगळे स्क्रू फरशीवर सांडले.

"दुसरं कोणी नाही! हेच ऐकत आले मी. आईच्या दुखण्यात दुसरं कोणी नव्हतं, आप्पांच्या वेळी कोणी नव्हतं, आता तुझ्या वेळी कोणी नाही. तुझे पाय मी, तुझी न्हाणी मी, तुझं ताट मी. आता तुझा खेळही मीच खेळू? तुझे हात व्हायला मी कधी हो म्हटलं होतं, सांग. कधी विचारलंस?"

मी न्हाणीत जाऊन कपडे धुवायला घेतले. वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर वाटत नव्हतं. वाईट वाटायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

कपडे वाळत घालून परत आले, तर भरतेश खुर्चीत नव्हता. टेबलाखाली फरशीवर बसला होता. लुळा पाय एका बाजूला पसरलेला. डाव्या हातानं एकेक स्क्रू शोधून वाटीत टाकत होता. बरेचसे झाले होते. कपाटाखाली गेलेल्या एका स्क्रूसाठी तो फरशीवर आडवा होऊन हात लांबवत होता, आणि तो बोटाला लागून आणखी आत सरकत होता.

"राहू दे, मी काढते."

"थांब," तो म्हणाला.

मी थांबले. शेवटी तो स्क्रू त्यानं काढलाच. मग मला खुणावलं आणि मी त्याला काखेत हात घालून उठवलं. त्या दिवशी आम्ही सूर्य मावळायच्या आत जेवलो, आईच्या वेळेपासूनची ती सवय आमची सुटली नव्हती, आणि आपापल्या खोलीत गेलो.

दोन-तीन दिवसांनी त्यानंच विषय काढला. "अक्का, वेळ असला तर मोटर बसवू."

'वेळ असला तर' हे त्यानं पहिल्यांदा म्हटलं होतं.

काळी मोटर बसवली. मोटरीच्या टोकाचं बारीक दातेरी चाक आतल्या मोठ्या चाकाला भिडवायचं असतं. फार जवळ नेलं तर दाते घासतात, लांब राहिलं तर निसटतात. भरतेशनं वर्तमानपत्राची एक पट्टी फाडायला सांगितली. ती दोन्ही चाकांच्या मध्ये धरायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि मग पट्टी ओढून काढायची. तिच्या जाडीएवढी फट राहते.

"एवढ्या फटीनं काय होतं?" मी विचारलं.

"त्यातच सगळं आहे," तो म्हणाला. "चिकटून बसली तर दोन्ही झिजतात."

मी पट्टी ओढली. तिच्यावर दात्यांच्या नक्षीदार खुणा उमटल्या होत्या. बॅटरी जोडल्यावर मोटर गुणगुणल्यासारखी फिरली. भरतेशनं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. मला वाटलं, सुटले एकदाची.

त्यानंतर एक फरक पडला. नौशाद दुपारी यायला लागला. "भरतभाईला जरा हवा खायला नेतो अक्का," म्हणायचा आणि त्याला आपल्या छोट्या टेम्पोत बसवून मिरजेला घेऊन जायचा. मी लॅबमधून परतायच्या सुमाराला आणून सोडायचा. काळ्या मोटरीबद्दल तो परत कधी बोलला नाही. मी विचारलंही नाही. दोघांचं काय ते मिटलं असेल. भरतेश घरी यायचा तेव्हा शर्ट धुळीनं माखलेला असायचा, कधी कोपर खरचटलेलं. "पडलास?" "हो." एवढंच. पण तो आता व्यायामाला तोंड फिरवत नव्हता. एकदा मी झोपेच्या गुंगीत त्याचा हात उचलायला गेले तर म्हणाला, "तू बस. मीच करतो," आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून, मनगट धरून, वर-खाली करायला लागला. मी भिंतीला टेकून बघत बसले आणि बसल्या बसल्याच पेंगले.

शर्यतीच्या दिवशीही माझे नमुने चुकले नाहीत. नौशाद सकाळीच भरतेशला आणि ट्रकला घेऊन गेला होता. लॅबचं काम आटोपून मी स्कूटरवर मालगाव रस्त्यानं निघाले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. माळावर मांडव घातला होता, खुर्च्या, लाउडस्पीकर, वडा-पावची गाडी, असं एखाद्या छोट्या जत्रेसारखं वातावरण होतं. समोर मातीचा ट्रॅक. वळणं, चढ, उड्या घ्यायच्या टेकड्या, आणि एका कडेनं तो लांबलचक सरळ पट्टा. ट्रॅकशेजारी बांबूच्या परांच्या बांधून उंच मचाण केलं होतं. तिथं उभं राहून लोक आपापले ट्रक चालवत होते.

मांडवाच्या तोंडाशीच नौशाद भेटला. अंगात भडक नारिंगी जाकीट.

"तू खाली कसा? तुझी वेळ झाली ना?"

"मी आज ट्रॅकवर मदतीला आहे अक्का. कुणाचा ट्रक उलटला की सरळ करून द्यायचा. प्रत्येक चालवणाऱ्याला ती पाळी द्यावी लागते. मी भरतभाईची देतोय."

"भरत्याची?"

त्यानं मचाणाकडं बघितलं. मीही बघितलं.

मचाणाच्या एका टोकाला, कठड्याच्या बांबूला कंबर टेकवून, भरतेश उभा होता. उजवा हात अंगालगत पट्ट्यानं बांधलेला. गळ्यात एक रुंद पट्टा, आणि त्याला छातीशी लटकलेला रिमोट. नेहमीचा पिस्तुलासारखा, दोन हातांनी धरायचा नव्हे. जुन्या चालीचा, दांडीवाला. दांडी एकच आणि तिच्यावर त्याचा डावा अंगठा.

"त्या एका दांडीवर पळवणं आणि वळवणं, दोन्ही आणलंय त्यांनी," नौशाद म्हणाला. "मी फक्त तारा जोडून दिल्या. दुकानामागं रोज शिकायलेत. आधी माझ्या जुन्या ट्रकवर. भिंतीच्या भिंती फोडल्या. मला पण आधी सांगितलं नव्हतं हो, ती काळी कशासाठी ते."

मी ऐकत नव्हते. मला दिसत होतं की तो उभा आहे आणि त्याला धरायला कुणी नाही. डाव्या बाजूला तोल गेला तर सावरायला हात मोकळा नाही, त्यात रिमोट. मी मचाणाच्या शिडीकडं निघाले. नौशाद आडवा आला.

"अक्का, वर नका जाऊ."

"सर बाजूला. तो पडेल."

"पडले तर शेजारी दोघं आहेत, त्यांना सांगून ठेवलंय." मग खाली बघत म्हणाला, "त्यांनीच सांगितलंय. काहीही झालं तरी अक्काला वर येऊ द्यायचं नाही म्हणून."

मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. एवढं करून मला शिडीच्या खाली उभं करतोस, भरत्या? मी मागं वळले, मांडवात गेले आणि हाताला लागली ती खुर्ची ओढून बसले. घरी निघून जावं असंही मनात आलं. पण बसून राहिले.

शर्यत सुटली. गोमाश्यांचा थवा उठावा तसा आवाज झाला आणि सगळे ट्रक एकदम पहिल्या वळणावर जाऊन आपटले. धुरळा बसला तेव्हा आमचा ट्रक मागं, आतल्या कडेनं, एकटाच सावकाश येताना दिसला. तीन-चार जणांनी एकमेकांत अडकून कोलांट्या घेतल्या होत्या. त्यांच्या बाजूनं तो निघाला, आणि क्षणभर मला वाटलं, अरे, हा तर पुढं गेला! पण सरळ पट्टा आला आणि नौशाद म्हणाला होता तसंच झालं. सूं करून सगळे त्याच्या पुढं निघून गेले. हा आपल्या चालीनं मागून.

एका टेकडीवरून उडी घेताना त्याचा ट्रक तिरका झाला, पडला आणि चाकं वर करून फिरत राहिला. मी ताडकन उठले. पण कडेला उभा असलेला एक माणूस, नौशाद नव्हे, भलताच कोणी, वाकला, ट्रक सरळ करून खाली ठेवला आणि लगेच दुसऱ्या उलटलेल्या ट्रकाकडं धावला. भरतेशकडं त्यानं बघितलंही नाही. ज्याचा ट्रक उचलला तो माणूस कोण, त्याचे हात किती चालतात, याच्याशी त्याला देणं-घेणं नव्हतं. आमचा ट्रक पुन्हा चालायला लागला.

मी खाली बसले. तो पुन्हा आतल्या कडेनं आला, वळला, टेकडी चढला, उतरला. पुन्हा आला. भरतेशचा चेहरा इतक्या लांबून दिसत नव्हता, नुसता अंगठा हलतोय असं वाटत होतं. पुन्हा आला. मागच्या कापडातून ऊन पाठीवर येत होतं. मला आठवतं ते एवढंच, की तो पुन्हा एकदा त्या वळणावर आला आणि व्यवस्थित वळला.

जाग आली तेव्हा कुणाचं तरी जाकीट माझ्या गुडघ्यांवर होतं. ऊन कलून ट्रॅकच्या पलीकडं गेलं होतं. माणसं पांगली होती, बांबू सोडवायचं काम चाललं होतं. मान अवघडली होती, हनुवटीवर लाळ सुकली होती. शेजारच्या खुर्चीत भरतेश बसला होता.

"किती वेळ झोपले मी?"

"पुष्कळ. बक्षिसं वाटून झाली."

"एवढ्या लाउडस्पीकरात?"

"तुझ्या डोक्यावरचा कर्णा बंद करायला लावला. दोघांशी भांडलो त्यासाठी."

"कितवा आलास?"

"शेवटचा." त्यानं ते नीट, सावकाश उच्चारलं. "पण बाद नाही झालो. तिघं बाद झाले."

मी पदरानं तोंड पुसलं. रागही नव्हता आणि आनंदही नीटसा नव्हता. झोप पुरी झाल्याचं जे एक जडत्व असतं ते अंगभर होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू शेजारी येऊन उभी राहिली असतीस."

"मग? त्यात वाईट काय?"

"अक्का," तो म्हणाला, "लाल मोटर बसवली असती ना, तर मला तू लागली असतीस. रिमोट धरायला. एका अंगठ्याला ती नाही झेपत. मला बघायचं होतं, तू नसताना मला काय काय झेपतं. जेवढं झेपतं तेवढीच मोटर बसवली."

पुढचं त्यानं तोडत तोडत सांगितलं. नौशादच्या दुकानामागं एक खोली होती. गिऱ्हाइकांना ट्रक कोणता घ्यावा, मोटर कोणती बसवावी हे सांगायला, एका हातानं जमेल ते करायला नौशादला माणूस हवा होता. भरतेश आता तिथंच राहणार होता.

"कधीपासून?"

"आजपासून."

"आजपासून! आणि कपडे?"

"टेम्पोत आहेत. पिशवी दोन-तीन दिवसांपूर्वीच नेली. तुझ्या लक्षात नाही आलं."

खरंच नव्हतं आलं. रोज त्याचे कपडे धुणारी मी, आणि कपाटातला निम्मा कप्पा रिकामा झालेला मला दिसला नव्हता.

मग मी विचारत सुटले. न्हाणीला कठडा आहे का? आहे, नौशादनं बसवला. खोलीला पायरी? एक, तीही बुटकी. बीपीची गोळी कोण आठवणीनं देणार? मोबाइलला गजर लावलाय. जेवण? नौशादच्या घराशेजारच्या जैन मावशींचा डबा, कांदा-लसणाशिवाय. पाठ कोण चोळून देणार? लांब दांडीचा ब्रश घेतला. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ होतं. शेवटी माझ्याजवळ विचारायला काही उरलं नाही, आणि मी गुडघ्यांवरच्या जाकिटाची घडी घालायला लागले.

त्यानंतर भरतेश आठ-नऊ वर्षं मिरजेत राहिला. दुसरा झटका आला तोपर्यंत. त्या वर्षांत तो एकही शर्यत जिंकला नाही, पण ट्रक कसा जोडावा हे विचारायला लोक कराडहून, निपाणीहून यायचे असं नौशाद सांगतो. आम्ही रविवारी भेटायचो. कधी भांडायचोसुद्धा. पाहुण्यांत काही जण म्हणाले, बहिणीनं शेवटी हात झटकले. मी कुणाला खुलासा दिला नाही.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नौशादनं टेम्पो मांडवाजवळ आणला. भरतेश खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठला, एकदा परत बसला, परत उठला. मी हात पुढं केला नाही, नौशादही टेम्पोतून उतरला नाही. टेम्पोच्या दाराशी पोचल्यावर भरतेश वळला.

"अक्का, तू आता काय करशील?"

किती तरी वर्षांत कुणी मला असं विचारलं नव्हतं. मी खूप विचार केला. जावंसं वाटणारं तीर्थ-बीर्थ काही आठवेना. माळावर गार वारा सुटला होता आणि माझे डोळे पुन्हा जड व्हायला लागले होते.

"आज?" मी म्हटलं. "आज घरी जाऊन परत झोपते."

भरतेश हसला. त्याचं हसू आता एका बाजूलाच यायचं.

"झोप," तो म्हणाला, आणि दार त्यानंच ओढून घेतलं.